बटणावरचा आकडा आणि खोलीचे तापमान

गंगापूर रोडवरच्या कुठल्याही सोसायटीत चौकशी केली तर दोन-चार घरांतली मुले जर्मनीत, इंग्लंडमध्ये नाही तर हॉलंडमध्ये असल्याचे कळते. सातपूरला बॉशचा, म्हणजे जुन्या मायकोचा, कारखाना असलेल्या शहराला जर्मनी तशी परकी नाही. तिथल्या लेकीचे बाळंतपण थंडीत आले की आई अळीव, डिंकाचे लाडू आणि मऊ सुती दुपटी घेऊन निघते. बाळाच्या खोलीत खिडकीखाली भिंतीला लागून पांढऱ्या पत्र्याचा एक चपटा संच असतो, त्याच्या टोकाला मुठीएवढे गोल बटण. बटणावर १ ते ५ आकडे आणि एक बर्फाची चांदणी. बाळाला तेल लावून न्हाऊ घालायचे म्हणून आजी बटण पाचवर नेते. त्यावरून मायलेकींत जे बोलणे होते ते अनेक घरांत सारखेच असते.

“आई, पाचवर नको गं, तीनवर राहू दे. आणि दुपटी त्याच्यावर वाळत घालू नकोस.”

“अगं, पण खोली लवकर तापायला नको का? बाळ गारठेल ना!”

घरातल्या खोलीचे तापमान नेमके कोण ठरवते, हा सबंध प्रश्न या दोन वाक्यांत आहे. नाशिकच्या घरात रेडिएटर नसतो, पण एसी असतो, गिझर असतो, फ्रीज असतो. आणि या सगळ्यांच्या बटणांपुढे आपण तीच समजूत घेऊन उभे राहतो. म्हणून आधी तिकडचा व्हॉल्व्ह नीट पाहू आणि मग इकडे येऊ.

आपल्याला रेडिएटर ठाऊक असतो तो गाडीचा, इंजिनाची उष्णता बाहेर टाकणारा. घरातल्या रेडिएटरचे कामही उष्णता टाकण्याचेच, फक्त ती खोलीत हवी असते. बॉयलरमध्ये तापलेले पाणी पंपाने घरभर फिरते, प्रत्येक खोलीतल्या रेडिएटरमधून जाते आणि थंड होऊन परत येते. पूर्वी रेडिएटरला साधी चावी असे: उघडली की पाणी चालू, पिळली की बंद. खोली तापली आहे की गार आहे याच्याशी त्या चावीला देणेघेणे नव्हते. १९४३ साली डेन्मार्कमध्ये डॅनफॉस कंपनीचे संस्थापक मॅड्स क्लाउसेन यांनी या चावीच्या डोक्यावर तापमान ओळखणारा भाग बसवला. १९७३ च्या तेलसंकटानंतर युरोपातल्या सरकारांनी ऊर्जाबचतीचे नियम कडक केले, तेव्हा हा थर्मोस्टॅटिक व्हॉल्व्ह घरोघरी गेला.

त्याचे काम चालते कसे, हे बटण उघडून पाहिले तर समजते. प्लॅस्टिकच्या डोक्याला उभ्या फटी असतात. त्यांतून खोलीची हवा आत खेळते. आत एक छोटी डबी, तिच्यात द्रव, वायू किंवा मेण भरलेले. हवा तापली की डबीतला पदार्थ प्रसरण पावतो आणि एक बारीक पिन खाली दाबतो. पिनच्या टोकाला रबरी चकती आहे, ती पाण्याची वाट अरुंद करत जाते. हवा गार झाली की पदार्थ आकसतो, खालची स्प्रिंग पिनला वर ढकलते, वाट पुन्हा उघडते. द्रव भरलेल्या डोक्यात एका अंशाच्या फरकाने पिन जेमतेम ०.२ मिलिमीटर सरकते. एवढ्याशा हालचालीवर अख्ख्या खोलीचे तापमान सांभाळले जाते, तेही विजेच्या एका वायरीशिवाय. गाडीच्या इंजिनात थंड करणाऱ्या पाण्याची वाट वेळेवर उघडणारा थर्मोस्टॅटही याच जातीचा, मेणाच्या गोळीवर चालणारा. नाशिकच्या गॅरेजमधल्या कुठल्याही मिस्त्रीने तो हातात धरलेला असतो.

बटण फिरवल्यावर आपण पाणी कमी-जास्त करत नाही. डबी आणि पिन यांच्यातले अंतर बदलतो, म्हणजे कुठल्या तापमानाला वाट बंद व्हावी ते सांगतो. युरोपातल्या बहुतेक बटणांवर ३ म्हणजे सुमारे २० अंश सेल्सिअस, आणि पुढेमागे प्रत्येक आकड्याला साधारण चार अंश: १ वर १२, २ वर १६, ४ वर २४, ५ वर २८. बर्फाची चांदणी म्हणजे सुमारे ६ अंश. घर बंद ठेवून गावाला जाताना पाइपांत पाणी गोठू नये यासाठी. निफाडच्या द्राक्षबागांत पारा उतरला की शेतकरी पहाटे शेकोट्या पेटवतात. ते काम तिकडे घरात ही चांदणी गुपचूप करते.

आता आजीच्या प्रश्नाकडे. खोली १४ अंशांवर आहे. बटण तीनवर असेल तर हवी ती पातळी २०, म्हणजे सहा अंश लांब. व्हॉल्व्ह केव्हाच पूर्ण उघडलेला आहे. पाचवर नेल्याने तो आणखी उघडणार कुठे? पाणी तेवढेच येते, खोली त्याच वेगाने तापते. फरक पडतो तो पुढे: २० अंशांना जे थांबायला हवे होते ते २८ पर्यंत चालूच राहते. तोवर बाळ न्हाऊन झोपलेले असते, आणि ब्रिटनमध्ये तर बाळाच्या झोपेच्या खोलीसाठी १६ ते २० अंशच सुचवले जातात. मग कोणीतरी खिडकी उघडते. बाहेरची गार हवा थेट व्हॉल्व्हच्या डोक्यावर येते, त्याला वाटते खोली गारठली, आणि तो आणखी पाणी सोडतो. रस्ता तापवणे म्हणतात ते हेच. जर्मनीत वारा घ्यायची रीत म्हणूनच ठरलेली आहे: बटण बंद करायचे, खिडक्या पाच-दहा मिनिटे सताड उघडायच्या, मग लावून घ्यायच्या. खिडकी दिवसभर किलकिली ठेवायची नाही. आपल्या स्वयंपाकात कुकरच्या शिट्ट्या आणि फोडणीची वाफ भरपूर. ती बाहेर गेली नाही तर गार भिंतीच्या कोपऱ्यात काळी बुरशी धरते आणि घर सोडताना अनामत रकमेवरून वाद होतात.

माणसे बटणाबद्दल असा विचार का करतात, याचा फार चांगला अभ्यास अमेरिकेत झाला आहे. विलेट केम्प्टन या मानववंशशास्त्रज्ञाने मिशिगन राज्यातल्या साध्या माणसांशी बोलून १९८६ साली एक निबंध लिहिला. त्यांना लोकांच्या मनात थर्मोस्टॅटबद्दल दोन समजुती आढळल्या. एका समजुतीत बटण म्हणजे गॅसच्या शेगडीची कळ: जास्त फिरवा, जास्त जाळ. दुसरीत बटण म्हणजे ठरवून दिलेली पातळी: ती गाठली की यंत्र आपोआप थांबेल. दुसरी समजूत यंत्राच्या रचनेशी जुळते. पण केम्प्टन यांनी पहिलीला अडाणीपणा म्हटले नाही. रोजच्या आयुष्यात आपल्याला भेटणाऱ्या बहुतेक कळा खरोखरच शेगडीसारख्या वागतात, त्यामुळे ही समजूत अनुभवातून आलेली असते. या व्हॉल्व्हच्या बाबतीत घोटाळा जास्तच होतो, कारण तो दिसतोही नळाच्या चावीसारखा.

आता या व्हॉल्व्हच्या मर्यादा. पहिली, तो फक्त आपल्या अवतीभवतीची हवा ओळखतो. रेडिएटरवर जाड पडदा लोंबत असेल, समोर सोफा टेकवला असेल किंवा वर ओली दुपटी पसरली असतील, तर त्याच्याभोवती गरम हवेची कोंडी होते. तो समजतो खोली तापली आणि वाट बंद करतो. पलीकडे पलंगावर माणूस कुडकुडतो. लेक दुपट्यांवरून रागावते ते यासाठी. अशा जागी लांब केशनळी असलेला सेन्सर मिळतो, तो पडद्याबाहेर भिंतीवर लावता येतो. दुसरी मर्यादा त्याच्या स्वभावातली. तो एकदम बंद-चालू होत नाही, हळूहळू मिटतो, त्यामुळे ठरवलेल्या तापमानाच्या आसपास दीड-दोन अंशांचा पट्टा त्याला लागतो. म्हणून बटणावर अंश न छापता आकडे छापतात. पहिल्या आठवड्यात आपल्या खोलीत कुठला आकडा सोसतो ते पाहून ठेवायचे.

तिसरी गोष्ट खोलीबाहेरची. ब्रिटनमधल्या घरात बहुधा दिवाणखान्यात किंवा प्रवेशाच्या बोळात भिंतीवर एक मुख्य थर्मोस्टॅट असतो, तो बॉयलरच चालू-बंद करतो. त्याच खोलीतल्या रेडिएटरवर थर्मोस्टॅटिक व्हॉल्व्ह असला तर दोघांचे भांडण लागते: व्हॉल्व्ह खोली तापू देत नाही आणि मुख्य थर्मोस्टॅट ‘अजून गारच आहे’ म्हणून बॉयलर जाळत राहतो. त्या खोलीचा व्हॉल्व्ह पूर्ण उघडा ठेवणे किंवा तिथे साधी चावी लावणे हा उपाय. शिवाय बॉयलरजवळच्या रेडिएटरांनी पाणी ओढून घेतले तर टोकाच्या खोलीत ते पोचतच नाही. त्यासाठी प्रत्येक रेडिएटरच्या दुसऱ्या टोकाच्या झडपेने पाण्याचा वाटा आधी बांधून द्यावा लागतो. हे कुशल प्लंबरचे काम, आणि बऱ्याच घरांत ते झालेलेच नसते. मग दोष बिचाऱ्या बटणाला लागतो.

उन्हाळाभर बंद राहिलेल्या व्हॉल्व्हची पिन ऑक्टोबरात चिकटून बसते, हे तिकडच्या प्रत्येक मराठी घराने एकदा तरी अनुभवले असेल. बटण पाचवर, रेडिएटर थंडगार. डोके काढून पिनवर हलकेच टिचकी मारायची, सपाट वस्तूने दाबून सोडायची. ती वर उसळली की काम झाले. पिन चिमट्याने ओढायची मात्र नाही, ती निघाली तर आतले पाणी अंगावर येते. उन्हाळ्यात बटण पूर्ण उघडे ठेवले तर ही वेळ सहसा येत नाही.

हल्ली बॅटरीवरची, मोबाइलशी जोडलेली डोकी मिळतात. वेळापत्रक ठरवता येते, खिडकी उघडल्याचे त्यांना तापमानाच्या घसरणीवरून कळते. सोय आहे, पण मूळ काम तेच, पिन दाबण्याचे.

बचत किती होते? जर्मनीत एक अंश कमी ठेवला की तापवण्याचा खर्च सुमारे ६ टक्के घटतो असा ढोबळ हिशेब सांगतात. इंग्लंडमधल्या सॅल्फर्ड विद्यापीठाने एका मोठ्या बंदिस्त प्रयोगशाळेत जुन्या पद्धतीचे विटांचे अख्खे घर बांधले आहे. तिथे खोलीचा थर्मोस्टॅट आणि रेडिएटरचे व्हॉल्व्ह दोन्ही बसवल्यावर, काहीच नियंत्रण नसलेल्या स्थितीच्या तुलनेत ऊर्जेचा खप सुमारे ४० टक्क्यांनी उतरला. हा प्रयोग नियंत्रण-उपकरणे बनवणाऱ्या उद्योगाच्या संघटनेसाठी झाला होता आणि तुलना सर्वांत वाईट स्थितीशी होती, म्हणून मी तो आकडा वरची मर्यादा म्हणूनच घेतो. दिशा मात्र पटण्याजोगी आहे: ज्या खोलीत कोणी नाही ती कशाला तापवायची? बसलेला माणूस सुमारे १०० वॅट उष्णता देतो. दिवाळीच्या फराळाला दहा माणसे जमली की व्हॉल्व्ह आपोआप मिटतो, साध्या चावीला ते कळलेच नसते. आणि जर्मनीत इमारतीच्या सामाईक तापवण्याच्या खर्चापैकी किमान ५० आणि कमाल ७० टक्के भाग प्रत्येक घराच्या प्रत्यक्ष वापरावर आकारायचा नियम आहे, त्यामुळे बटणाचा हिशेब वर्षअखेरीच्या बिलात दिसतो. २०२२ मध्ये रशियाचा गॅस थांबल्यावर तिथल्या सरकारी कचेऱ्यांत १९ अंशांची मर्यादा आली.

आता गंगापूर रोड. इथे खोल्या तापवायच्या नसतात, निववायच्या असतात, पण बटणाची समजूत तीच. एप्रिलच्या दुपारी ४० अंशांतून घरात शिरलेला माणूस रिमोट १८ वर नेतो, लवकर गार व्हावे म्हणून. जुन्या, एकाच वेगाने चालणाऱ्या एसीत काँप्रेसर एक तर पूर्ण चालू असतो नाही तर पूर्ण बंद. १८ काय आणि २४ काय, गार होण्याचा वेग तोच. इन्व्हर्टर एसी वेग बदलतो, फरक मोठा असला की जोरात पळतो आणि जवळ आला की मंदावतो. हळूहळू मिटणाऱ्या रेडिएटर-व्हॉल्व्हचा तो खरा भाऊबंद. पण बाहेरून आल्यावर २४ वरही फरक पुरेसा असतो, तो पळतोच. केंद्राच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोने १ जानेवारी २०२० पासून खोलीच्या एसीचे मूळ सेटिंग २४ अंश बंधनकारक केले. एक अंश वाढवला की वीज सुमारे ६ टक्के वाचते हा ब्युरोचा हिशेब. जर्मनीतला उबेचा आकडाही हाच, हे पाहण्यासारखे आहे. २०२५ च्या जूनमध्ये केंद्रीय ऊर्जामंत्री मनोहरलाल खट्टर यांनी एसी २० ते २८ अंशांच्या मर्यादेतच चालावेत असा विचार जाहीर केला, तेव्हा बरीच चर्चा झाली.

फ्रीजचे बटण आणखी फसवे. त्यावरही १ ते ७ आकडे, पण आकडा वाढला की गारवा वाढतो. गिझरच्या थर्मोस्टॅटमध्ये द्रव भरलेली केशनळी असते, म्हणजे रेडिएटरच्या डोक्यातलीच युक्ती. डेझर्ट कूलरला मात्र बहुधा थर्मोस्टॅटच नसतो. पाण्याची पातळी राखणारा फ्लोट तेवढा असतो. नाशिकच्या कोरड्या चैत्र-वैशाखात तो उत्तम चालतो आणि मृगाच्या दमट हवेत हात टेकतो.

खोलीगणिक व्हॉल्व्ह पाहायचा असेल तर गंगापूर रोडने धरणाच्या दिशेला जावे. धरणाकाठच्या सुला वायनरीने २००० च्या सुमारास वाइन करायला सुरुवात केली आणि नाशिक द्राक्षांबरोबर वाइनचेही गाव झाले. द्राक्षांचा रस आंबताना उष्णता सुटते. पांढऱ्या वाइनचा रस साधारण १२ ते १६ अंशांवर आंबवतात, तांबड्याला २५ च्या वर चालते. वायनरीतल्या स्टीलच्या टाक्यांना बाहेरून दुहेरी कवच असते, त्यातून ग्लायकॉल मिसळलेले थंड पाणी फिरते. एकाच चिलरवर अनेक टाक्या असल्या तरी प्रत्येक टाकीला स्वतःचा तापमापक आणि स्वतःचा व्हॉल्व्ह. एक मिटलेला, शेजारचा उघडा. इथली झडप विजेवर चालते, मेणावर नाही, एवढाच फरक. आणि एक गोष्ट तिथे कोणी विसरत नाही: थंड पाण्याच्या पाइपांवर उष्णतारोधक फोमचे जाड आवरण आधी चढते, मग नियंत्रणाचे आकडे ठरतात.

आपल्या घरांत नेमके हेच राहून गेले आहे. गंगापूर रोडवरच्या इमारतींच्या शेवटच्या मजल्यावर उघडा स्लॅब दिवसभर ऊन पितो. त्याची आतली बाजू सर्वांत तापते ती दुपारी नव्हे, सूर्य कलल्यानंतर. रात्री दहाला पंखा लावला तर वरून ऊनऊन हवा येते. एसीचा सेन्सर फिल्टरमागे बसलेला, तो फक्त हवा मोजतो आणि म्हणतो २४ झाले. पण माथ्यावरचा तापलेला स्लॅब अंगावर थेट उष्णता फेकत असतो, ती त्या सेन्सरच्या हिशेबातच नाही. म्हणून २४ वरही जीव उकडतो आणि हात २० कडे जातो. उष्णता फेकणारे मोठे पाते म्हणजे रेडिएटरच. आपल्या घरात तो छतावर आहे आणि त्याला व्हॉल्व्ह नाही. अशा खोलीत एक टनाचा एसी दुपारभर पूर्ण वेगाने चालूनही ठरवलेला आकडा गाठत नाही.

केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाच्या २०१८ च्या इको-निवास संहितेने घराच्या छतातून जाणाऱ्या उष्णतेवर मर्यादा घातली: प्रत्येक चौरस मीटरला, आत-बाहेरच्या एका अंशाच्या फरकाला १.२ वॅट. उघड्या काँक्रीटच्या स्लॅबचा आकडा याच्या दुपटीहून जास्त भरतो. ब्रिकबॅट कोब्याने तो थोडा उतरतो, पुरेसा नाही; कोब्याखाली उष्णतारोधक पाट घातले तर उतरतो. जुन्या इमारतीवर पांढरा परावर्तक रंग किंवा चायना मोझॅक हा त्यातल्या त्यात स्वस्त मार्ग. तेलंगणाने २०२३ मध्ये अशा छतांसाठी स्वतंत्र धोरणच आणले.

छत सावरले की आकड्यांचे दडपणही कमी होते. अहमदाबादच्या सेप्ट विद्यापीठाच्या संशोधकांनी पाच हवामानांच्या शहरांतल्या १६ कचेऱ्यांतून ६,३३० जबाब गोळा केले. खिडक्या उघड्या असणाऱ्या कचेऱ्यांत, बाहेरच्या ऋतूप्रमाणे, माणसांना १९.६ पासून २८.५ अंशांपर्यंत बरे वाटत होते. ही कचेऱ्यांतली नोंद आहे, घरातली नाही. तरी पंखा चालू ठेवून २६ वर ठेवलेला एसी नाशिककराला पुरेसा वाटावा यात नवल नाही.

अडचण हक्काची आहे. बटण ज्याचे त्याच्या हातात, गच्ची मात्र सोसायटीची. उकाडा सोसतो वरचा मजला आणि रंगाचा खर्च मंजूर करते सर्वसाधारण सभा, तिथे खालच्या मजल्यांना तो आपला वाटत नाही. पण गळतीचे काम सोसायट्या पावसाआधी, एप्रिल-मेमध्ये, करतातच. त्याच वर्गणीत पांढरा थर होळीच्या आसपास उरकून घेतला तर त्याच उन्हाळ्यात वरच्या घरांचे एसी कमी चालतात. आनंदवल्लीपासून पुढे धरणाकडे जे नवे टॉवर उभे राहत आहेत त्यांच्या नमुना फ्लॅटमध्ये प्रत्येक बेडरूमला एसीचा पॉइंट अभिमानाने दाखवतात. तिथे शेवटच्या मजल्यावरचे घर घेणाऱ्याने स्लॅबवर उष्णतारोधक थर आहे का, तो कोब्याच्या वर आहे की खाली, आणि छताचा आकडा १.२ च्या आत बसतो का, हे करारावर सही करण्याआधी लेखी मागावे.